औषधाच्या चाचणीत अम्मी कुठे आहे?

अम्मीला मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली. दरवर्षी रमजानच्या आधी मी तिला डॉक्टरांकडे घेऊन जातो. ‘रोजे ठेवू नका,’ ते सांगतात. अम्मी मान डोलावते, घरी येते आणि रोजे ठेवते. दोन वर्षांपूर्वी असरच्या नमाजनंतर तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली होती. सरबत पाजलं, निभावलं.

ती हट्टी आहे, असं म्हणून विषय संपवता येईल. पण २००१ साली भारतासह १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा ‘एपिडायर’ हा अभ्यास झाला. त्यात टाइप २ मधुमेह असलेल्या जवळपास ७९ टक्के लोकांनी किमान १५ रोजे ठेवले होते. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण त्यांच्यात रमजानमध्ये साडेसात पट झालं होतं. हा आकडा कळला, कारण काही डॉक्टरांना हा प्रश्न विचारावासा वाटला. पुढे रमजानच्या काळातच औषधांच्या चाचण्या झाल्या, गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा कशा बदलाव्यात याच्या आंतरराष्ट्रीय सूचना निघाल्या. आमच्या डॉक्टरांनी मात्र अम्मीला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आम्ही एकदा एक अ‍ॅप ऑफिसच्या वाय-फायवर, नव्या कोऱ्या फोनवर तपासलं. सगळं हिरवं. गावातल्या जुन्या फोनवर ते उघडेचना. टेस्टिंग खोटं नव्हतं. ज्यांच्यासाठी अ‍ॅप होतं ती माणसंच त्यात नव्हती. औषधांचंही असंच होतं. अमेरिकेत १९७७ साली गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना निघाली. ती १९९३ साली मागे घेतली गेली. झोल्पिडेम ही झोपेची गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाल्यावर, २०१३ साली, स्त्रियांसाठी तिची शिफारस केलेली मात्रा निम्मी करण्यात आली.

यावर अमेरिकेत एक उपाय सुरू आहे. कर्करोगतज्ज्ञ संशोधक डॉ. रॉबर्ट विन यांच्या नावाने, २०२० साली जाहीर झालेल्या १० कोटी डॉलरच्या निधीतून, उमेदीतल्या डॉक्टरांना दोन वर्षं प्रशिक्षण दिलं जातं. चाचणीची आखणी कशी करायची हे ते शिकतातच. वस्तीत जाऊन लोकांशी बोलायचं कसं, हेही शिकतात. पैसा ब्रिस्टल मायर्स स्क्विब या औषध कंपनीच्या फाउंडेशनचा आहे, तेव्हा कंपनीचं हित त्यात नाही असं मानायचं कारण नाही. तरी दिशा मला पटते. चाचणीत कोण येणार, हे आधी ती कोण आखतो यावर ठरतं.

लोक येत नाहीत ते अडाणी म्हणून, असं मात्र समजू नका. टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचारांविना नुसता पाहत राहिले. आपल्याकडे आंध्र प्रदेशात एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कोरडे ओढले. दोष लसीचा नव्हता, न विचारण्याचा होता. म्हणजे यादीत गरिबांची नावं भरली की समावेश झाला, असं नाही. धोका त्यांचा आणि प्रश्न दुसऱ्याचे, हा तर जुनाच व्यवहार.

म्हणून माझं सांगणं दोघांना आहे. एमबीबीएस, एमडी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, प्रॅक्टिसइतकंच संशोधनाकडे बघा. मोहल्ल्यातली बाई संमतीपत्र घरी नेऊन कुणाला दाखवते, रोजा असताना रक्त द्यायला का कचरते, हे तुम्हाला शिकवावं लागणार नाही. आणि बाकीच्यांनो, चाचणीबद्दल कुणी विचारलं तर लगेच ‘नाही’ म्हणू नका, लगेच ‘हो’ही म्हणू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी, आपल्या भाषेतलं संमतीपत्र, इजा झाली तर उपचार आणि भरपाई हे सगळं मागा. २०१९ च्या नियमांनी तो हक्क दिला आहे.

यंदा आम्ही डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, ‘रोजे ठेवणारच ना? मग सहरीला काय खाता, ते सांगा.’ अम्मी अर्धा तास बोलत होती.