गोव्याचे चोरीस, आजीची चानी



म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आम्ही चोरीसच्या लाल माळा टांगलेल्या पाहिल्या आणि आजीच्या दारात दोरीवर वाळणारी चानी आठवली. डुकराचे मांस मीठ, मिरची, लसूण व व्हिनेगरात मुरवून आतड्यात भरतात, वाळवतात. म्हणजे चोरीस तयार. पावसाळ्याची बेगमीच ती! चानीतही तेच शहाणपण: मांसाच्या पट्ट्या कापायच्या, मीठ लावून उन्हात वाळवायच्या. पण चोरीस हॉटेलात मानाने वाढतात आणि चानीचे नाव काढले की आपली मुले लाजतात.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. आपण ते सोडले. पण कष्टाच्या पैशाने आणलेले ताजे मांस वाळवून ठेवले, तर त्यात लाज कसली?

चोरीस मुंबईतही गोवेकरांच्या दुकानांत मिळते. माळ कोरडी बघून घ्या. बुरशी, चिकटपणा नको. कांदा-बटाटा आणि थोडे पाणी घालून पूर्ण शिजवा. मीठ मात्र चाखूनच घाला. पावाबरोबर वाढा आणि वाढताना मुलांना आजीच्या चानीची गोष्टही सांगा.