छत्तीस तासांनंतर

‘हॅकेथॉन’ हा शब्द १९९९ च्या सुमारास रूढ झाला. भारतात २०१७ साली ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ सुरू झाली, तीत विद्यार्थी सलग ३६ तास राबले. आता महाविद्यालयांतून विद्यार्थी स्वतःच लोकोपयोगी यंत्रांसाठी अशा स्पर्धा भरवितात. हा उत्साह स्तुत्य होय. परंतु देवनहळ्ळी तालुक्याचे उदाहरण घ्या. पपनसासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात बारमाही नदी नाही. शेतीची भिस्त विंधनविहिरींवर आहे. विहिरीतील पाण्याची पातळी सांगणाऱ्या यंत्राचा नमुना ३६ तासांत उभा राहील. पण पुढील पावसाळ्यात ते बिघडल्यास दुरुस्त कोणी करावे? म्हणून अर्धे पारितोषिक यंत्र वर्षभर चालल्यावरच द्यावे आणि परीक्षकांत एक शेतकरी असावा. उपयोगाची कसोटी वापरणाऱ्याच्याच हाती असते.