काय दिवे लावले!

दिवाळी अंकात अंधाराची बाजू घेणे म्हणजे लग्नघरात रडगाणे गाण्यासारखे आहे. पण त्या बिचाऱ्यावर इतके आळ आले आहेत, की कुणीतरी त्याचे वकीलपत्र घ्यायलाच हवे. अज्ञान म्हणजे अंधार, अन्याय म्हणजे अंधार, निराशा म्हणजेही अंधार. आणि उजेड तेवढा साव! मला हे मान्य नाही. आपली भाषा आपल्याहून शहाणी आहे. दिव्याखाली अंधार असतो, हे ती जाणते, आणि कुणी करू नये तो पराक्रम केला, की "काय दिवे लावले!" असे तीच म्हणते.

परळ-लालबागचीच गोष्ट घ्या. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. पाच हजारांवर कामगारांनी सह्या केलेल्या अर्जात रविवारची सुट्टी मागितली होती, आणि सूर्य मावळताच काम थांबावे, असेही म्हटले होते. म्हणजे ह्या माणसांनी सरकारकडे चक्क अंधार मागितला! तोच त्यांचा विसावा होता. रविवार 1890 साली मिळाला. अंधार मात्र हातचा गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्याला बारा तासांचा लगाम घालायला 1911 चा कायदा यावा लागला.

मग तो दुसरा, रूपकातला अंधार कुठे असतो? मी म्हणतो, भर झगमगाटात! 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले; पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे ठरवले: शहराच्या मोकळ्या जागेसाठी, सार्वजनिक घरांसाठी आणि मालकासाठी. 2001 साली नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीचीच, इमारतींखालची वगळून! 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. नियमातल्या एका फेरफाराने एकरच्या एकर गेले, आणि शहराला ते उशिरा कळले. ह्याला म्हणतात अंधारात ठेवणे. त्याला रात्र लागत नाही.

तेव्हा आकाशकंदील जरूर लावा. मीही लावणार आहे. पण लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारातली रोषणाई पाहायला मुलांना न्याल, तेव्हा इथे कोण राबत होते आणि त्यांना घरे कुठे मिळाली, हेही सांगा. नाहीतर मोठी झाल्यावर तीच मुले आपल्याला विचारतील, "तुम्ही काय दिवे लावले?"