फुले तोडून झाली, आता टायमर बघा

शहादा तालुक्यात बंद खोलीत केशर फुलल्याच्या बातम्या गाजल्या, तेव्हापासून चर्चा होते ती एसीची, ह्युमिडिफायरची आणि काश्मिरी कंदांच्या भावाची. दिव्यांच्या टायमरचे नाव कोणी काढत नाही. फुलोऱ्यापुरते ते खपूनही जाते. कंद स्वतःच्या साठ्यावर फुलतो. ट्रेमध्ये माती नसली, उजेड बेताचा असला तरी तापमान १५ ते १७ अंशांवर आणले की ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुले येतात. पण तोडणीनंतर कोकोपीटमध्ये लावलेल्या कंदाची पात वाळेपर्यंत दिव्यांच्या उजेडात जे अन्न तयार करते, त्यावरच नवे कंद पोसतात. ते बारीक राहिले की पुढच्या हंगामात नुसती पात दिसते आणि खरेदीसाठी पुन्हा काश्मीरमधले पांपोर गाठावे लागते.

शेवंतीवाल्यांना रात्रीच्या उजेडाची वेळ काटेकोर पाळावी लागते. केशराच्या पातीला पाच-दहा मिनिटांचे सोयरसुतक नाही, रोजचे एकूण तास मात्र भरले पाहिजेत. आपल्याकडे ते नेमके लाइट जाण्याने बुडतात. ९६ खिट्ट्यांचा, दर खिट्टीला १५ मिनिटांचा स्वस्त चकतीचा टायमर वीज गेली की जागीच थांबतो. दोन तास लाइट गेली तर तो दोन तास मागे पडतो, आणि कोणी चकती फिरवून जुळवेपर्यंत मागेच राहतो. आतल्या बॅटरीवर घड्याळ चालू ठेवणारा डिजिटल टायमर घ्यावा, तोही मेन स्विच तासभर बंद ठेवून पारखावा. त्याचे मॅन्युअल बटण आणखी एक खोडी करते: ‘ऑफ’वरून ‘ऑटो’वर आणले तर अनेक टायमर पुढची ठरलेली वेळ येईपर्यंत दिवे लावत नाहीत. वायरमन तपासून जातो आणि त्या दिवशी खोली अंधारात राहते.

टायमरवर १६ अँपिअर छापलेले असते, पण एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढतात. त्याने संपर्क चिकटले की पडद्यावर ‘ऑफ’ दिसते आणि दिवे जळतच राहतात. दिव्यांची संख्या मोठी असेल तर मध्ये कॉन्टॅक्टर हवाच; इथे काटकसर नको.

आमचा भरवसा पडद्यापेक्षा सबमीटरवर. ४० वॅटचे चार दिवे १२ तास जळले तर १.९२ युनिट पडतात. मीटरने १.६ दाखवले तर दिवे दहाच तास लागले. बाकीचे दोन तास लाइटने खाल्ले की टायमरने, ते त्याच दिवशी शोधता येते. ड्रायव्हरमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, म्हणून पहिल्या दिवशी घड्याळ लावून आपल्या खोलीचा ताशी आकडा काढून ठेवावा.

दिव्यांची पाळी शक्यतो रात्रीची ठेवा. दिव्यांची उष्णता काढायला एसीला तेव्हा कमी झटावे लागते आणि मार्चच्या दुपारी हा फरक बिलात दिसतो. खोली मळ्यात, कृषी फीडरवर असेल तर आधी पुरवठ्याची पाळी पाहून घ्या. पात वाळल्यावर कंद वजन करून भरा, आणि ती वजने रोजच्या युनिटच्या नोंदीसह आमच्याकडे धाडा.