ऐकतोस काय, आणि वाजवतो कोण?

आमच्या चार-पाच जणांच्या कंपूत गेले वर्षभर एक प्रश्न रोज संध्याकाळी हमखास निघतो : "सध्या काय ऐकतो आहेस?" चहाच्या टपरीवरच्या बाकावर बसून प्रत्येक जण आपापले उत्तर देतो. कुणी लुई आर्मस्ट्राँगचे नाव घेतो, कुणी ड्यूक एलिंग्टनचे, तर कुणाला माइल्स डेव्हिसशिवाय दुसरे काही सुचत नाही. मग मोबाइल मध्ये ठेवला जातो, चहाचे पेले बाजूला सरकवले जातात आणि सगळे कान लावून ऐकतात. अशा वेळी शेजारच्या बाकावरून कुणी तरी हसून म्हणतो, "औंढ्यात बसून जॅझ? अरे, हे काय आपले संगीत आहे?"

हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. ज्या मुलखात भजन, भारूड आणि गोंधळ घरोघरी ऐकू येतो, त्या मुलखातल्या पोरांनी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात जन्मलेले संगीत का ऐकावे, याचे उत्तर आम्ही दिलेच पाहिजे. "सगळे संगीत एकच असते" असे गुळगुळीत उत्तर देऊन सुटका करून घेणे मला पटत नाही. दूरचे ऐकण्याची या मातीला हौस आहे म्हणावे, तर तेही खोटे नाही. अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा आपल्याच औंढा तालुक्यात उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. पण माझे उत्तर निराळे आहे. जॅझ आपल्या घरात सत्तर वर्षांपूर्वीच आले आहे. आपण ते ऐकले, त्यावर नाचलो, पण ते वाजवणाऱ्याचे नाव मात्र कधी विचारले नाही. हेच आपल्यावरचे ऋण आहे, आणि या लेखाचा विषयही तोच.

सी. रामचंद्र हे नाव मराठी माणसाला सांगावे लागत नाही. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. भगवानदादांचा 'अलबेला' हा चित्रपट १९५१ साली पडद्यावर आला आणि त्यातल्या गाण्यांनी सारा देश वेडा केला. ती गाणी मी लहानपणापासून रेडिओवर ऐकत आलो. त्यांतला तो झगझगीत ट्रंपेट, तो ठेका, मध्येच उसळून येणारे ते वाद्यमेळाचे तुकडे हे सारे मला 'हिंदी सिनेमाचे संगीत' म्हणूनच ठाऊक होते. पुढे आर्मस्ट्राँग ऐकला तेव्हा कान टवकारले. हा आवाज ओळखीचा कसा?

शोध घेतला तेव्हा कळले की सी. रामचंद्रांचे सहायक आणि संयोजक म्हणून चिक चॉकलेट नावाचे एक ट्रंपेटवादक काम करीत असत. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गोव्यातील हळदोणे गावी. मुंबईत त्यांना 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. 'अलबेला'त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. १९६७ साली ते वारले. ज्या वाद्याच्या आवाजावर माझे बालपण गेले, त्या वादकाचे नाव मला विसाव्या वर्षी कळले, याची मला लाज वाटते.

हे गोवेकर वादक जॅझकडे कसे वळले, हेही पाहण्यासारखे आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत असत. कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवण्याची विद्या त्यांच्या हाती आली आणि पोटापाण्यासाठी ही मंडळी मुंबई-कलकत्त्याच्या वाटेला लागली. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. पाठोपाठ टेडी वेदरफोर्ड हा नामांकित पियानोवादक आला. तो पुढे हिंदुस्थानातच राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात वारला. या काळ्या कलावंतांच्या शेजारी बसून, त्यांचे ऐकून आमच्या गोवेकरांनी जॅझ आत्मसात केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, आणि दुसऱ्या बाजूने चित्रपटांच्या स्टुडिओंत वादकांची मागणी वाढली. अशा रीतीने जॅझ वाजवणारे हात सिनेगीते वाजवू लागले.

तेथे त्यांनी केले ते काम साधे नव्हते. संगीतदिग्दर्शक चाल बांधी. ती कोणत्या वाद्यांनी कशी नटवायची, व्हायोलिनांनी कोठे उठायचे, ट्रंपेटने कोठे शिरायचे, हे कागदावर उतरवण्याचे काम पुष्कळदा या संयोजकांचे असे. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्याकडे वर्षानुवर्षे हे काम केले. पण तबकडीच्या मधल्या गोल कागदावर काय छापलेले असे? चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव, संगीतदिग्दर्शकाचे नाव. ज्या पन्नास-साठ जणांनी ते गाणे प्रत्यक्ष वाजवले, त्यांच्यासाठी त्या कागदावर जागा नव्हती.

एकच नाव निसटून लोकांच्या तोंडी आले, तेही गमतीने. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तले अँथनी गोन्साल्विसचे गाणे प्रत्येक गणेशोत्सवात वाजते. तो कुणी काल्पनिक इसम असावा, अशीच बहुतेकांची समजूत. अँथनी गोन्साल्विस हे गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संयोजक होते, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. शिष्याने गुरूचे नाव गाण्यात गुंफले म्हणून ते टिकले. २०१२ साली गोन्साल्विस गेले, तोपर्यंत देशभर त्यांचे नाव गाऊन झाले होते, पण ते कोण हे फार थोड्यांना ठाऊक होते.

आता याच्या शेजारी जॅझची एक ध्वनिमुद्रिका ठेवून पाहा. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ साली दोन दिवसांत मुद्रित झाली. तिच्या वेष्टनावर नुसते डेव्हिसचे नाव नाही. सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स, एका रचनेत विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रमवर जिमी कॉब असा सर्वांचा उल्लेख आहे. ठेका धरणाऱ्याचेही नाव आहे! जॅझचे रसिक आपसांत बोलतात तेही याच भाषेत. "अमुक गाणे ऐकले" एवढ्यावर त्यांचे भागत नाही. त्यात बास कुणाचा होता, ड्रमवर कोण होता, हे विचारले जातेच.

ही नावे माहीत असली की ऐकण्यात काय फरक पडतो, हे आम्ही टपरीवरच अनुभवले. याच मुद्रिकेतील पहिली रचना, 'सो व्हॉट', घ्या. आरंभी बास एक प्रश्न विचारतो आणि इतर वाद्ये दोन स्वरांत उत्तर देतात. ही झाली बंदिश. मग डेव्हिसचा ट्रंपेट येतो, मोजके बोलणारा, मध्ये मोकळी जागा सोडणारा. त्याच्यामागून कोल्ट्रेन येतो तो घाईत असल्यासारखा, स्वरांच्या राशी ओतीत. नंतर ॲडर्ली हसतखेळत येतो, आणि शेवटी इव्हान्सचा पियानो. बत्तीस 'बार'चे आवर्तन, प्रत्येक बारमध्ये चार ठोके. त्याच चौकटीत चौघांचे चार स्वभाव. नावे ठाऊक नसताना हे सारे 'छान म्युझिक' होते. नावे कळली आणि चार माणसे समोर येऊन बसली. ख्याल ऐकणाऱ्याला हे परके वाटू नये. बंदिश तीच, ताल तोच, आणि तरी प्रत्येक गवई निराळा, हा आनंद आपल्या ओळखीचाच आहे. स्वरांचे एकावर एक थर रचण्याची त्यांची रीत आपल्याकडे नाही. तेवढ्यासाठी कान थोडा घडवावा लागतो.

जॅझच्या जगात सर्वांना न्याय मिळाला, असे मात्र मी म्हणणार नाही. काळ्या लोकांनी घडवलेल्या या संगीताची पहिली म्हणून ओळखली जाणारी तबकडी १९१७ साली निघाली, ती गोऱ्या वादकांची. नावाचा झगडा तेथेही होता. पण झगडा झाला म्हणूनच तेथल्या रसिकांनी नावे जपण्याची सवय लावून घेतली. आपण झगडलोच नाही.

आणि नाव जपण्याची शिकवण आपल्याला परक्याकडून घ्यायची काय गरज? आपण कोठे राहतो? संत नामदेवांचे नरसी आपल्याच जिल्ह्यात आहे. नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना तेथून उठवले, ते देवळाच्या पाठीमागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा औंढ्यातले पोर आजीच्या मांडीवर ऐकते. मागे बसवलेल्या माणसाचे गाणे ऐकायला देवाला तोंड फिरवावे लागले, हा तिचा अर्थ मला दिसतो. शिवाय अभंगाची रीत पाहा. शेवटच्या चरणात गाणाऱ्याचे नाव येते. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई आज सातशे वर्षांनी आपल्याला ठाऊक आहे, ती तिने आपले नाव अभंगात घातले म्हणून. देवळाबाहेर उभे राहणाऱ्या चोखोबांचेही तसेच. ज्या समाजाने दळणारणीचे नाव सातशे वर्षे जपले, त्याने आपल्या ट्रंपेटवाल्याचे नाव सत्तर वर्षांत विसरावे, हे शोभत नाही.

आता आम्हा शौकिनांचेही थोडे कान उपटतो. परदेशी नावे तोंडावर फेकून समोरच्याला गप्प करण्याची खोड आमच्यात शिरते आहे. "तू कोल्ट्रेन ऐकला नाहीस?" या प्रश्नात प्रेम कमी आणि तोरा जास्त असतो. दुसरी खोड याहून वाईट. एकाने दुव्यामागून दुवे पाठवायचे आणि दुसऱ्याने न ऐकताच अंगठा दाखवायचा. मोबाइलवर गाणी मुबलक झाली, पण तबकडीचे वेष्टन मात्र गेले. पडद्यावर ठळक दिसते ते मुख्य कलावंताचे नाव. साथीदार पुष्कळदा दिसतच नाहीत. एक रचना संपते न संपते तोच यंत्र दुसरी लावते. म्हणजे जॅझचे रसिकही आता हळूहळू सिनेगीतांच्या श्रोत्यांसारखेच होत चालले आहेत.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आठवड्यातून एकदा, तास संपल्यावर, ज्यांना हौस असेल त्यांनी एकत्र बसावे. एकच मुद्रिका लावावी, ती पुरी ऐकावी, आणि फळ्यावर प्रत्येक वादकाचे नाव त्याच्या वाद्यासह लिहावे. एका आठवड्यास आर्मस्ट्राँग, तर दुसऱ्या आठवड्यास 'अलबेला'. प्राध्यापक मंडळींपैकी कुणाला ख्यालाचे अंग असेल तर त्यांनी येऊन साम्य आणि फरक दाखवावा. पैसे लागणार नाहीत; लागेल तो एक तास आणि थोडा धीर.

याहीपुढे एक काम आहे, ते जरा अवघड. लग्नसराईत आपल्या गल्लीतून वरात जाते. पुढे बँडपथक असते. त्यात ट्रंपेट असतो, क्लॅरिनेट असते, क्वचित सॅक्सोफोनही. न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यांवरून मिरवणुकीत वाजवणाऱ्या ज्या बँडांतून जॅझ निघाले, त्यांचीच ही वाद्ये. उन्हात घामाने भिजलेली ती माणसे दोन-तीन तास वाजवतात, मागल्या पंगतीला जेवतात आणि टेंपोत बसून पुढल्या गावाला जातात. नवरदेवाचे नाव पत्रिकेत असते, आचाऱ्याचे नाव चार जण विचारतात. ट्रंपेट वाजवणाऱ्याचे नाव आपल्यापैकी कुणी कधी विचारले आहे काय? मी विचारले नव्हते. गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत धीर करून विचारले. तो गृहस्थ आधी दचकला. काही चुकले की काय असे त्याला वाटले. मग त्याने आपले नाव सांगितले, वडिलांचेही सांगितले, कारण वाद्य त्यांचे होते. आणि पुढचे गाणे त्याने आमच्याकडे तोंड करून वाजवले.

"सध्या काय ऐकतो आहेस?" हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारतच राहू. त्याला आता एवढेच जोडायचे आहे : "आणि वाजवतो कोण?"