समुद्राचा हिशेब कोण मांडणार?

मासळी घटली की पहिला ठपका मच्छीमारावर ठेवायचा, असा परिपाठच पडला आहे. ‘अतिमासेमारी’ हा शब्द उच्चारला की चौकशी संपते. या निष्कर्षामागे जे प्रतिमान उभे आहे, त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे.

१९५४ साली जीवशास्त्रज्ञ मिल्नर शेफर आणि अर्थशास्त्रज्ञ एच. स्कॉट गॉर्डन यांनी केलेल्या मांडणीचे सार असे: कोणतेही सागरी क्षेत्र माशांचा ठराविक साठाच पोसू शकते, ही त्याची धारणक्षमता. साठा तिच्या निम्म्यावर राखला, तर दरवर्षी कमाल मासळी कायम मिळत राहते. प्रवेश सर्वांना खुला असेल, तर होड्या वाढत जातात, साठा खालावतो आणि नफा नाहीसा होतो. एवढे खरेच आहे. पर्ससीन जाळ्यांनी चालविलेली लूट कोण नाकारील?

परंतु येथे धारणक्षमता अचल धरली आहे. वस्तुतः ती परिसंस्थेवर अवलंबून असते. तिवरांची पाने खाडीत कुजतात, त्यांवर पोसलेल्या सूक्ष्म जीवांवर कोळंबीची पिले जगतात. खडकांच्या कपारींत शेवंडांना आसरा मिळतो. तिवरे तोडली, किनारा बुजविला, की धारणक्षमताच घटते. ती निम्मी झाली, तर माशांच्या वाढीचा वेग तोच राहूनही कमाल टिकाऊ उत्पादन निम्म्यावर येते. होडी तीच, जाळे तेच. पण कालची रास्त मासेमारी आज अतिरेकी ठरते आणि किनारा बुजविणारा नामानिराळा राहतो!

वाढवणचे उदाहरण घ्या. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. १९९८ साली तेथील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने बंदर नाकारले. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने सशर्त संमती दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घालण्याची ही योजना आहे. भरपाई ठरविताना केवळ होड्या मोजून भागणार नाही. घटलेली धारणक्षमता हीच खरी हानी होय, आणि ती पिढ्यानुपिढ्यांची आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आग्रह धरला पाहिजे की, प्रत्येक किनारी प्रकल्पापूर्वी हा हिशेब कोळी स्त्री-पुरुषांच्या अनुभवासह मांडला जावा व तो ग्रामसभेपुढे मराठीत ठेवला जावा. दरसाल १ जून ते ३१ जुलै होडी किनाऱ्याला लावणाऱ्या कोळ्याला संयमाचे धडे देण्यापूर्वी शासनाने एवढे तरी करावे.