१९५७ : विजयाच्या आकड्यात दडलेला पराभव

१/ स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत १९५७ च्या लोकसभा निवडणुकीच्या वाट्याला एकच ओळ येते : 'काँग्रेस पुन्हा सत्तेवर.' ओळ खरी आहे. पण तिच्यावर थांबणारा इतिहास अपुरा आहे, असे माझे मत आहे. हा थ्रेड त्याविषयी.

२/ आधी आकडे. १९५२ मध्ये काँग्रेसला ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या, १९५७ मध्ये ४९४ पैकी ३७१. मते मात्र सुमारे ४८ टक्के. निम्म्याहून कमी मतांवर तीन चतुर्थांश जागा! विरोधक विखुरलेले असले की असे घडते.

३/ मराठी मुलखात मात्र ते विखुरलेले नव्हते. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेकाप, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन हे एरवी परस्परांशी वाद घालणारे पक्ष एका मागणीसाठी एकत्र लढले.

४/ मुंबईतून कॉम्रेड डांगे, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील, नाशिकमधून दादासाहेब गायकवाड, राजापुरातून नाथ पै लोकसभेत पोहोचले.

५/ सर्वांत बोलका निकाल पुण्याचा. काकासाहेब गाडगीळ काँग्रेसमध्ये राहूनही संयुक्त महाराष्ट्राचे समर्थक होते. तरीही नानासाहेब गोरे यांनी त्यांना हरवले. मतदाराने व्यक्तीची निष्ठा नव्हे, पक्षाचा निर्णय तोलला.

६/ पण 'महाराष्ट्राने काँग्रेसला नाकारले' हेही अर्धसत्यच. विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातमधील जागांच्या बळावर राज्यातील सत्ता टिकली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपदी राहिले. जो कौल पश्चिम महाराष्ट्राने दिला, तो नागपूरने दिला असे मानणे हा तेथील मतदारावर अन्याय आहे.

७/ तरी १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले. केंद्रात भक्कम बहुमत असलेल्या पक्षानेच स्वतःचा निर्णय फिरवला. हुतात्म्यांचे बलिदान त्यामागे होतेच. पण पुढच्या निवडणुकीची धास्तीही होती, असे मला वाटते.

८/ त्या काळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे. मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या चिन्हाच्या पेटीत टाकून बाहेर पडे. हुतात्म्यांचे स्मारक आपण उभारले, ते योग्यच. त्या निनावी मतदाराला मात्र आपण पाठ्यपुस्तकातही जागा दिली नाही.

९/ म्हणून मित्रांनो, 'सत्ताधारी पुन्हा विजयी' असे कोठेही वाचाल, तेव्हा देशाच्या बेरजेवर थांबू नका. मतदारसंघांची यादी उघडा. आपल्या जिल्ह्याने १९५७ मध्ये कोणाला निवडले होते, ते शोधून खाली लिहा.